स्वल्पविरामाचे सोवळे

प्रस्तुत निबंधाचा विषय क्षुद्र आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. पुस्तकाच्या नावानंतर स्वल्पविराम द्यावा की पूर्णविराम, 'पृ.' लिहावे की 'पृष्ठ', साल कंसात कोंडावे की मोकळे सोडावे, एवढाच तो विषय. पण एवढ्याचपायी माझ्या ओळखीच्या एका हुशार बाईंचा प्रबंध सहा आठवडे अडकून पडला, एका मार्गदर्शकाने विद्यार्थ्याशी बोलणे टाकले, आणि मी स्वतः, ऐन गणपतीत, बाहेरच्या खोलीत आरती चालू असताना आतल्या खोलीत ४१२ तळटीपांमधले अर्धविराम मोजत बसलो होतो. ज्या गोष्टीपायी माणूस आरती सोडतो ती एकतर व्यसन असते नाहीतर शास्त्र. मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे दुसरा पर्याय पत्करतो.

या निबंधाला एकही तळटीप नाही, याची नोंद घ्यावी. मिठाईवाल्याच्या घरी पाहुण्याला चिवडा देतात, त्यातला प्रकार.

प्रकरण पहिले : तिथेच

व्युत्पत्तीशिवाय प्रबंध उभा राहत नाही. 'तत्रैव' म्हणजे तत्र अधिक एव, तिथेच. मागच्या टिपेत जे पुस्तक सांगितले तेच, पुन्हा नाव लिहायचा कंटाळा आला आहे, असा त्याचा पूर्ण अर्थ. त्याचा भाऊ 'उ. नि.', म्हणजे उपरिनिर्दिष्ट. वर कुठेतरी सांगितले आहे, शोधा. 'तत्रैव' हा भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. 'उ. नि.' हा गाव सोडून गेलेला भाडेकरू. त्याचा पत्ता काढायला अकरा पाने मागे जावे, तर तिथेही 'उ. नि.'च भेटतो.

हे झाले विद्यापीठातले सोवळ्यातले शब्द. कचेरीत ही सोय कितीतरी आधी झालेली होती. पेशवाईतल्या कारकुनाला मोडीत ढीगभर कागद उपसायचे असत. गावाचे नाव एकदा येऊन गेले की पुढे तो 'मौजे मजकूर' लिही, महिना येऊन गेला की 'माहे मजकूर', आणि सगळेच येऊन गेले असेल तर 'सदरहू'. 'मजकूर' शब्द अरबी. ज्याचा जिक्र झाला आहे तो. पुढे गंमत अशी झाली, की वर उल्लेख झालेले ते मजकूर असे म्हणता म्हणता, कागदावर जे जे लिहिलेले आहे ते सगळेच मजकूर होऊन बसले. आज वर्तमानपत्रात जाहिराती सोडून जे उरते त्यालाही मजकूरच म्हणतात. म्हणजे लिहिलेले प्रत्येक अक्षर आधी कुठेतरी येऊन गेलेलेच असते, हा सिद्धांत मराठीने शब्दकोशात कधीच टाकून ठेवला. त्याच सिद्धांतासाठी पॅरिसच्या काही विद्वानांना गेल्या शतकात बरीच जाड पुस्तके लिहावी लागली.

'कित्ता'चे तर काय सांगावे! यादीत वरचीच नोंद पुन्हा आली की कारकून 'कित्ता' लिहून मोकळा. आणि पंतोजी मुलापुढे वळणदार अक्षरांचा जो नमुना ठेवीत, ज्यावर मुलाने बोरू फिरवायचा, तोही कित्ताच. त्यातूनच आपले 'कित्ता गिरवणे' आले. 'वर सांगितल्याप्रमाणे' आणि 'दुसऱ्याचे बघून', या दोन्हींना मराठीने एकच शब्द ठेवला. संदर्भ कुठे संपतो आणि उचलेगिरी कुठे सुरू होते, हे ठरवायला विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ साली नियमावली काढावी लागली. भाषेने त्या भानगडीत न पडणेच पसंत केले होते.

प्रकरण दुसरे : पाय

टीप कुठे द्यावी यावर विद्वानांत तीन पंथ आहेत. एक म्हणतो पायाशी, दुसरा म्हणतो शेवटी, तिसरा म्हणतो पोटात.

शेवटी टीप देणारा पंथ वाचकाचा छळ करतो. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली निघाला तेव्हा टिपा खंडाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम त्या वर्षी मरणपंथाला लागलेला होता, ऑगस्टात गेलाच. त्याआधी चार महिने त्याने प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली, की टिपेचा आकडा दिसला म्हणून शेवटची पाने उलटावीत तर तिथे बहुतेक वेळा नुसते ग्रंथाचे नाव सापडते; हे सगळे पानाच्या पायाशी नाहीतर समासात छापा. पुढे टिपा पायाशी आल्या. मरणाच्या दारात बसून माणूस टिपांच्या जागेविषयी पत्र लिहितो, हे वाचल्यापासून माझ्या आरतीच्या प्रसंगाबद्दल मी घरी मान वर करून बोलतो.

पायाशी टीप देण्याचा कळस पाहायचा तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. एखादे पान काढावे, तर वर चारदोन श्लोक आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची फौज. शरीर मुंगीचे, पाय हत्तीचे. हे पाय एवढे का सुजले, याचे कारण संदर्भशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आजचा चोर दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर खपवतो. जुना चोर आपले वाक्य व्यासांच्या नावावर खपवी. त्याला पगारवाढ नको होती, वाक्य टिकायला हवे होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा, यात कोणी आपली ओवी घुसडील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असे बजावून ठेवले. या उलट्या चोरीला आयोगाच्या नियमावलीत आजही कलम नाही.

राहिला पोटाचा पंथ. यात लेखकाचे आडनाव आणि साल कंसात घालून वाक्याच्या मध्येच बसवतात, तळाशी काही ठेवत नाहीत. हिला हार्वर्ड पद्धत म्हणतात, आणि तिचा सर्वांत जुना ज्ञात नमुना १८८१ सालचा मानतात. त्या वर्षी हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी एक लांबलचक निबंध छापला. विषय होता, शंख नसलेल्या एका गोगलगायीची अंडी.

मराठी वाचकाला पुढचे सांगायला नको. गोगलगाय, पोटात पाय! तळटीप म्हणजे मजकुराचा पाय. तो उचलून पोटात घालायची युक्ती नेमकी गोगलगायीवरच्या निबंधातच दिसावी, याला योगायोग म्हणायला प्रस्तुत लेखक तयार नाही. मार्कसाहेबांना मराठी येत नव्हते हा आक्षेप गैरलागू आहे. गोगलगायीला येत असावे.

या तिन्ही पंथांच्या बाहेर एक चौथा आहे, पण त्याची कुठल्याच विद्यापीठाने दखल घेतलेली नाही. वारकरी कीर्तनात बुवा निरूपण करता करता आधाराला दुसरा अभंग घेतात. त्याला 'प्रमाण' म्हणतात. प्रमाणाला पान नाही, आवृत्ती नाही, प्रकाशक तर नाहीच. लेखकाचे नाव मात्र अभंगाच्या शेवटातच ओवलेले, 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. काढायला जावे तर छंदच मोडतो. (नाव फायलीच्या आतच शिवून ठेवायची ही सोय संगणकवाल्यांना फार उशिरा सुचली.) आणि पडताळणी जागच्या जागी. बुवांनी पहिला चरण उचलला की मागे उभे असलेले टाळकरी पुढचा उचलतात. बुवांनी एका अभंगाचे शेपूट दुसऱ्याला लावले, तर टाळ थांबत नाहीत, बुवाच उघडे पडतात. आमच्याकडे परीक्षक, अहवाल आणि तोंडी परीक्षा असे सगळे मिळून एवढे होत नाही.

प्रकरण तिसरे : आडनाव

आता यंत्रांकडे वळू.

संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर ही गुणी वस्तू आहे, हे हातचे न राखता सांगतो. ब्राउझरमध्ये एक बटण दाबले की लेखाचे नाव, लेखक, साल, अंक, पाने सगळे आपापल्या खणात जाऊन बसते. डीओआय नावाचा क्रमांक चिकटवला तरी बाकीचे मागून धावत येते. प्रबंधात मधेच एक टीप घुसडली तर पुढच्या तीनशे टिपा निमूट एकेक पाऊल सरकतात. मी हे काम हाताने, पांढऱ्या शाईची बाटली घेऊन केलेले आहे. विद्यार्थिनीने लॅपटॉपवर ते करून दाखवले तेव्हा पहिल्यांदा प्रेशर कुकर पाहणाऱ्या आजीसारखे माझे झाले; कौतुकही वाटले आणि आपली हयात चुलीपुढे गेली याचा रागही आला.

यातले झोटेरो हे २००६ साली अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासवाल्यांनीच काढले, आणि ते फुकट आहे. नाव मराठी कानाला झोटिंगाच्या धाकट्या भावासारखे लागते, पण व्युत्पत्ती अल्बेनियन आहे. एखाद्या विद्येवर प्रभुत्व मिळवणे, अशा अर्थाच्या क्रियापदावरून. मेंडेली हे नाव मेंडेल आणि मेंडेलीव्ह या दोघांच्या संधीतून आले. एकाने वाटाणे मोजले, दुसऱ्याने मूलद्रव्ये कोष्टकात बसवली. मोजणे आणि कोष्टकात बसवणे, संदर्भशास्त्राला लागणारे दोन्ही रोग एकाच नावात आले.

पण कोष्टकात बसायला मराठी माणूस तयार नाही. यंत्र लेखकासाठी दोन खण देते, नाव आणि आडनाव. आमच्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन माणसे एका सहीत राहतात, आणि वर टोपणनाव. आरती प्रभू हे आडनाव-नाव करून 'प्रभू, आ.' होतात आणि कोकणातल्या समस्त प्रभू मंडळींत मिसळून जातात. तेच गृहस्थ कादंबरीसाठी खानोलकर म्हणून यादीत दुसरीकडे बसलेले. गडकऱ्यांची तर तीन बिऱ्हाडे : नाटकांना राम गणेश, कवितांना गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. ग्रेस आणि बी यांना दुसरा खणच नाही. 'बी' हे एक अक्षर यादीत एकटे पाहून आमच्या टायपिस्टाने ते चुकून राहिले असावे म्हणून दोनदा काढून टाकले.

मी वापरतो त्या सॉफ्टवेअरचे नाव घेत नाही. दोष माझ्या सेटिंगचाही असेल. त्याने समर्थ रामदासांचे 'रामदास, स.' केले. संत तुकारामांचे 'तुकाराम, स.' केले. एका जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकावर लेखिकेच्या नावाआधी 'सौ.' होते, त्याचेही 'स.' केले. संत, समर्थ आणि सौभाग्यवती यांच्यातले सर्व भेद मिटवणे वेदान्तालाही एवढ्या झटपट जमले नसते.

यामागे एक खोल तात्त्विक मतभेद आहे. यंत्राच्या मते आद्याक्षर म्हणजे पहिले चिन्ह. मराठीच्या मते आद्याक्षर म्हणजे अक्षर, मात्रावेलांटीसकट. चिंतामणचे 'चिं.', त्र्यंबकचे 'त्र्यं.', गंगाधरचे 'गं.'. चिं. त्र्यं. खानोलकरांची यंत्राने 'च. त.' अशी अवस्था केली. वेलांटी गेली, अनुस्वार गेला, जोडाक्षराची हाडे मोडली. अपघातस्थळी पंचनामा करावा तसे मी ते एकेक नाव हाताने दुरुस्त करीत बसलो, म्हणजे यंत्राने वाचवलेला वेळ यंत्राच्याच सेवेत गेला.

आडनाव आणि साल देणारी गोगलगायीची पद्धत तर महाराष्ट्रात चालूच शकत नाही. (कुलकर्णी, १९७४) असे लिहिणे म्हणजे भर लग्नमंडपात 'अहो मामा!' अशी हाक मारणे. निम्मा मांडव वळून बघतो.

सालाचे दुखणे निराळे. जुन्या मराठी पुस्तकावर कित्येकदा नुसता शक असतो. खणात शके १८२० मधले १८२० भरले की ते पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होते. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, म्हणजे शके १८२०. तो यंत्राच्या हिशेबाने पेशवाई बुडून जेमतेम दोन वर्षे झाली असताना, बाजीराव नुकता ब्रह्मावर्ताला जाऊन बसलेला असताना निघाला. साधनांचा ग्रंथ साधनांच्याच वयाचा! आणि 'प्रथमावृत्ती : अक्षय्य तृतीया' असे छापलेले असेल तर महिन्याच्या खणात काय भरायचे? मी 'अक्षय्य तृतीया' असेच भरून पाहिले. यंत्राने ती तारीखच धरली नाही. अक्षय्य गोष्टीला क्षय आणणारे हे पहिलेच साधन माझ्या पाहण्यात आले.

पुढे अकारविल्हे. शाळेच्या भिंतीवरची वर्णमाला आठवा : श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. समीक्षक श्री. के. क्षीरसागर या मांडणीत यादीच्या अगदी शेवटी बसायचे, आणि परीक्षक यादी शेवटापासून चाळतात म्हणून बिचारे नेमके सापडायचे. यंत्राच्या पोटात मात्र क्ष हे अक्षरच नाही. तो क, हलन्त आणि ष अशा तीन तुकड्यांचा ऐवज आहे. त्यामुळे क्षीरसागर उठून थेट कुलकर्ण्यांच्या आळीत जाऊन बसले. 'ळ'ला युनिकोडने 'ल'च्या मांडीला मांडी लावून, 'व'च्या आधीच जागा दिलेली. आम्हा लोकांचे पाठांतर एका बाजूला आणि क्रमांकांची रांग दुसऱ्या बाजूला.

सर्वांत भयंकर अनुभव कऱ्हाडचा. प्रकाशनस्थळांची यादी काढली तर तिच्यात कऱ्हाड दोनदा. दोन्ही अगदी सारखी दिसत होती. भिंग लावून पाहिले. फाँट मोठा करून पाहिला. शेवटी कळले, की तो अर्धा र दोन रीतींनी टाइप करता येतो. कागदावर दोन्ही जुळे, यंत्राच्या लेखी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर एकच कऱ्हाड आहे, हे त्याला पटवायला मला एक दुपार लागली.

प्रकरण चौथे : टिंब

टिंबाविषयी मतभेद नाही. ते असावे.

प्रकरण पाचवे : योनी आणि शैली

जिवाला चौऱ्याऐंशी लक्ष योनी असतात, संदर्भाला दहा हजारांवर शैली. एवढ्या शैलींचे साचे या सॉफ्टवेअरांसाठी तयार आहेत. शिकागो, एमएलए, एपीए ही त्यातली बडी घराणी. एपीएचा जन्म १९२९ साली सात पानांच्या एका लेखातून झाला. सात पानांत जे मावत होते त्याला आज चारशेवर पाने लागतात.

या घराण्यांनी अलीकडे आपल्यावर एक घाव घातला आहे, त्याची मराठी वर्तमानपत्रांत बातमी आली नाही म्हणून इथे नोंदवतो. एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचे गाव द्यायचे बंद केले, आणि २०२४ साली शिकागोच्या अठराव्या आवृत्तीनेही पुस्तकासाठी गावाची सक्ती उठवली. प्रकाशक जगभर पसरलेले आहेत, गावाला अर्थ उरला नाही, असे त्यांचे म्हणणे. कुठल्याही मराठी ग्रंथसूचीवरून बोट फिरवावे. पुणे, पुणे, मुंबई, पुणे, पुणे, नागपूर, पुणे. ते बोट आता कशावर टेकवायचे? पुण्याने हे कसे सोसले, याचे मला नवल वाटते. बहुधा अजून कळलेले नाही.

प्रकरण सहावे : चौदा शब्द

आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत सहा महिन्यांत सुधारून द्या. साठपर्यंत एक वर्ष घरी बसा. त्यापुढे नोंदणीच रद्द. तिच्यातले सर्वांत काव्यमय कलम चौदा शब्दांचे. सर्वसाधारण ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले शब्द सलग चौदापर्यंत आले तर ते साम्यात धरू नयेत. चौदा विद्या, चौदा रत्ने, चौदा भुवने यांच्यात ही चौदा शब्दांची भर पडली. चौदावे रत्न दाखवायची वेळ पंधराव्या शब्दावर येते.

प्रस्तुत लेखकाने या कलमावर स्वतंत्र संशोधन केले. 'विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या कपाटावरच्या धुळीवरून' हे मराठीत चार शब्द. यालाच सरळ इंग्रजीत बारा लागतात, कारण त्यांची विभक्ती सुटी हिंडते आणि आमची शब्दाला चिकटून बसते. म्हणजे चौदा शब्दांच्या सवलतीत इंग्रज चोराला जेवढे उचलता येते, त्याच्या तिप्पट मराठी चोराला. संस्कृतात समासाची सोय असल्यामुळे बाणभट्टाचे तर पानच्या पान एका शब्दात निसटेल. मातृभाषेत संशोधन करावे असे का सांगतात, ते मला या हिशेबानंतर समजले.

आणि युनिकोडच्या आधीचा फाँट वापरला तर मोजायचीही गरज नाही. त्या फाँटात दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन चिन्हे. असा एक प्रबंध तपासणीला गेला आणि साम्याचा अहवाल आला शून्य टक्के. मी तो प्रबंध वाचला होता. त्यातली निदान दोन प्रकरणे मी दुसरीकडेही वाचली होती. पण यंत्रापुढे जे गेले ते ब्रह्मदेवालाही लागले नसते. विद्यार्थ्याच्या वडिलांनी पेढे दिले. मी घेतले.

प्रकरण सातवे : डॉ. उप्लाविची

'तत्रैव' हे कुणा दाक्षिणात्य पंडिताचे नाव असावे, असे मला एम.ए.ला असताना वाटे. यावर हसण्याआधी पुढील प्रकरण लक्षात घ्यावे. १८८७ साली प्रागच्या यारोस्लाव ह्लावा नावाच्या डॉक्टरांनी आमांशावर चेक भाषेत एक लेख लिहिला. शीर्षक 'ओ उप्लाविची', म्हणजे आमांशाविषयी. परभाषेत गोषवारा करताना कुणीतरी शीर्षकालाच लेखक समजले. झाले. डॉ. ओ. उप्लाविची जन्माला आले, आणि वैद्यकाच्या ग्रंथांत पन्नासएक वर्षे सन्मानाने वावरले. १९३८ साली क्लिफर्ड डोबेल या इंग्रज संशोधकाने छडा लावला आणि 'डॉ. ओ. उप्लाविची (१८८७–१९३८)' या मथळ्याचा मृत्युलेख लिहून त्यांना अखेरचा निरोप दिला. आपल्याकडे 'आमांशाविषयी' या लेखावरून डॉ. आ. मांशाविषयी उभे राहिले असते, तर त्यांच्या नावे एखादी व्याख्यानमाला चालू असती.

उप्लाविचींच्या पाठीमागे निदान एक खरा लेख होता. एका बड्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना नमुना म्हणून 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला' अशा नावाचा एक संदर्भ रचून दिला. तीन लेखक, साल २०००, खंड, पाने, सगळे यथासांग. असा लेख अस्तित्वातच नाही. तरी जवळजवळ चारशे निबंधांनी त्याचा आधार घेतला आहे. पंतोजींनी कित्ता घालून दिला आणि पोरांनी तो गिरवला, कित्त्यातल्या नावासकट. आता तर विचारलेल्या प्रश्नाला गोड बोलून उत्तर देणारी यंत्रे असले ग्रंथ मागणीनुसार पुरवतात, आणि त्यांचे स्वल्पविराम अगदी जागच्या जागी असतात.

परिशिष्ट : पृ. १४३

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?" अशी सुरुवात करणारा विद्यार्थी बहुधा मुदत मागायला आलेला असतो. ही विद्यार्थिनी वही घेऊन आली होती. माझ्या विषयातल्या एका जुन्या ग्रंथातले एक वाक्य आमच्या गोतावळ्यात फार लाडके आहे. तीन प्रबंधांत ते आलेले आहे, तिन्हींत पृ. १४३. तिने तोच आकडा खणात भरला होता आणि मग, का कोण जाणे, ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढले.

"त्या पानावर नाहीये ते."

"नीट बघितलंस?"

"बघणार कसं, सर? १३७ ते १४४ पानं एकमेकांना जोडलेलीच होती. ग्रंथालयातल्या काकांकडून स्टीलची पट्टी घेतली आणि कापली."

पुस्तक सोळा पानी फर्म्यांचे. छापलेला कागद घड्या घालून शिवतात. कडा कापायच्या राहिल्या तर वाचकाने सुरीने उघडायच्या. नववा फर्मा १२९ ते १४४. त्यातला पुढचा अर्धा उघडलेला, मागचा अर्धा छापखान्यातून आला तसाच. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. कापलेल्या कडेला बारीक कुसळे आलेली, आणि आतली पाने बाहेरच्या पानांपेक्षा चक्क पांढरी. वाक्य होते पृ. १३४ वर. पहिल्या प्रबंधकाराने ते वाचलेले होते, आकडे तेवढे उलटे पडले. पुढच्या दोघांनी पहिल्याचा प्रबंध वाचला.

त्या दोघांतला एक मी. तळटीप क्रमांक २१७.

"मग मी काय लिहू, सर?"

"१३४ लिही."

"आणि तुमच्यात?"

सॉफ्टवेअरमध्ये एका ठिकाणी दुरुस्त केले की सगळीकडे दुरुस्त होते. निळ्या रेक्झिनच्या आणि सोनेरी अक्षरांच्या बांधणीत तशी सोय नाही. पुढच्या आठवड्यात कामाचे निमित्त काढून मी विद्यापीठात गेलो, प्रबंधांच्या दालनात जाऊन माझा प्रबंध मागवला. शिपायाने तो टेबलावर ठेवण्याआधी बाहीने पुसला. मागच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. आजूबाजूला कोणी बघत नाही असे पाहून मी पेन काढले आणि २१७ वर आलो.

समासात, पुसट पेन्सिलीने, लहानशा नेटक्या अक्षरात कुणीतरी आधीच लिहून ठेवले होते : '१३४ पाहा.' खाली सही नाही, तारीख नाही, कशाच्या आधाराने तेही नाही.